तिजोरी घेण्याआधी तिचं वजन करा

कुलूपवाल्याला आमची तिजोरी उघडायला अर्धा मिनिट लागला असेल, आणि त्यातलाही बराचसा वेळ तो बाजूला ठेवायच्या पिशवीसाठी जागा शोधत होता. मी त्याच्या पिशवीकडे बघत होते, आता ड्रिल निघेल, मग स्टेथोस्कोपसारखं काहीतरी निघेल, पण निघालं काहीच नाही. त्याने डाव्या हाताने नॉब धरला, उजव्या हाताची मूठ तिजोरीच्या डोक्यावर आपटली, दोनदा हुकलं, तिसऱ्यांदा नॉब फिरला आणि दार उघडलं. "झालं ताई," म्हणाला. आत आमची कागदपत्रं, दोन दागिन्यांच्या डब्या आणि सगळ्यात वर, रबरबँड लावून नीट ठेवलेल्या, तिजोरीच्या दोन्ही इमर्जन्सी चाव्या.

हो, चाव्या आतच होत्या. सेल संपले, कीपॅड बंद पडला आणि ज्या चावीने उघडायचं ती चावी आत. सासूबाईंनी फक्त एवढंच विचारलं, "मग ती चावी आत सुरक्षित राहावी म्हणून ठेवली होतीस का गं?" यावर उत्तर नसतं.

पण चावीचं सोडा, ती माझी चूक. मला झोप लागेना ती त्या मुठीमुळे. ही तिजोरी आम्ही भिंतीत बसवायला आणली होती, गवंडी मोकळा व्हायचा म्हणून तात्पुरती कपाटात ठेवलेली. डिजिटल लॉक, दोन जाडजूड बोल्ट, दार ५ एमएम, सॉलिड स्टील असं सगळं खोक्यावर छापलेलं. आणि एक माणूस तिला बुक्की मारून उघडतो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. तिथून पुढे साधारण दोन महिने मी या विषयात जेवढी शिरले तेवढी दहावीच्या अभ्यासातही शिरले नव्हते, तर जे कळलं ते लिहून ठेवतेय.

आधी ती मूठ कशी चालली ते. स्वस्तातल्या बहुतेक डिजिटल तिजोऱ्यांमध्ये सोलेनॉइड असतं, म्हणजे तारेचं एक छोटं वेटोळं आणि त्याच्यात स्प्रिंगवर टेकलेली एक पिन. ती पिन बोल्टच्या पट्टीच्या आड आलेली असते म्हणून नॉब फिरत नाही. बरोबर कोड टाकला की वेटोळ्यात करंट जातो, पिन आत ओढली जाते, नॉब मोकळा. म्हणजे तुमच्या सगळ्या ऐवजाला अडवून धरणारी गोष्ट ही एक नखाएवढी पिन आणि बॉलपेनच्या स्प्रिंगसारखी एक स्प्रिंग. दणका बसला की ती पिन क्षणभर उडते, आणि त्याच क्षणी नॉबवर जोर असेल तर काम झालं. कीपॅडला सेल आहेत की नाहीत याच्याशी काहीही संबंध नाही. काही मॉडेलमध्ये तर हीच पिन बाहेरून जोरदार लोहचुंबकाने हलते, कारण समोरचा पत्राच इतका पातळ.

मोटरवर चालणारं लॉक असेल तर हे होत नाही, कारण तिथे पिन स्प्रिंगवर नाचत नसते, मोटर ती दात्यांवरून सरकवते आणि ती दणक्याने सरकत नाही. दुकानात विचारलं तर विकणाऱ्याला बहुतेकदा माहीत नसतं (मी विचारलं, तो म्हणाला "मॅडम डिजिटल आहे ना"), पण कान देऊन ऐका. कोड टाकल्यावर एकच 'टक' आवाज आला तर सोलेनॉइड, 'झ्र्रर्र' असा आवाज आला तर मोटर. अगदी शंभर टक्के नाही पण बऱ्यापैकी कळतं. आणि लाजू नका, रिकामी तिजोरी लॉक करून नॉब धरून वरून चार दणके स्वतःच मारून बघा. मी दुसरी घेताना मारले. विकणारा बघत राहिला, नवरा दोन पावलं बाजूला सरकून आपण एकत्र आलोच नाही असा चेहरा करून उभा राहिला.

आता इथे कोणी म्हणेल की भिंतीत बसवल्यावर डोक्यावर बुक्की कशी मारणार. बरोबर आहे, आणि भिंतीतल्या तिजोरीबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट यातच आहे, जी मला गवंड्याने शिकवली, कुठल्या ब्रोशरने नाही. मोकळ्या तिजोरीला सहा बाजू असतात आणि सहाही बाजू तिच्या स्वतःच्या असतात. भिंतीतल्या तिजोरीची एकच बाजू तिची, दार. उरलेल्या पाच बाजू भिंतीच्या. त्यामुळे तिजोरी चांगली की वाईट हे विचारायच्या आधी भिंत चांगली की वाईट हे विचारायला लागतं, आणि आपण नेमकं उलटं करतो.

आमचं काय ठरलं होतं सांगते. बेडरूम आणि पॅसेजच्या मधली भिंत, कपाटाच्या आत येणारी, एकदम लपलेली जागा, सगळे खूश. मिस्त्री आला, टेपने मोजलं, भिंत साडेचार इंच, म्हणजे एका विटेची रुंदी, त्यात दोन्हीकडचा गिलावा. तिजोरीची खोली आठ इंच. तो काही बोललाच नाही, नुसता पॅसेजमध्ये जाऊन भिंतीवर टिचकी मारून आला आणि म्हणाला, "ताई, तिजोरी इकडून ठेवायची की तिकडून?" म्हणजे ती आरपार जाणार होती. मग नवऱ्याने उथळ मॉडेल घेऊ असं सुचवलं, तीन इंची, तर मिस्त्री म्हणाला की तीही बसेल पण मागे फक्त गिलावा राहील, चोराला तिजोरी उघडायची गरजच नाही, पॅसेजमध्ये उभं राहून छन्नी-हातोड्याने मागून येईल, आणि तिजोरीचा मागचा पत्रा हा नेहमी सगळ्यात पातळ असतो. हे त्याने खरंच खोक्यातली तिजोरी उलटी करून अंगठ्याने दाबून दाखवलं. पत्रा आत गेला, सोडला की 'टॉक' करून बाहेर आला. तेलाच्या डब्यासारखा.

तर भिंत आधी. नऊ इंचाची वीटभिंत किंवा काँक्रीट असेल तर गोष्ट पुढे सरकते. तिच्यात कोनाडा फोडायचा, तिजोरीपेक्षा चहूबाजूंनी जरा मोठा, आणि मधली फट काँक्रीटने ठासून भरायची, नुसत्या पातळ मसाल्याने लिंपायची नाही. जितकं काँक्रीट जास्त तितकं ग्राइंडरवाल्याला कंटाळा जास्त. तिजोरीच्या मागच्या आणि बाजूच्या भोकांतून अँकर बोल्ट गेले पाहिजेत ते वेगळंच, आणि ते आतून आवळायचे असले पाहिजेत. पोकळ ब्लॉकची भिंत असेल तर बोल्ट धरत नाही, नुसता फिरत राहतो, तिथे आजूबाजूचे दोनतीन ब्लॉक काढून ती जागाच भरीव करून घ्यावी लागते. आणि ज्या घरांत आतल्या भिंती म्हणजे लाकडी किंवा पत्र्याची चौकट आणि वर जिप्सम बोर्ड असतं तिथे भिंतीतली तिजोरी ही, स्पष्टच सांगते, लपवायची जागा आहे, तिजोरी नाही. चौकटीच्या दोन उभ्या पट्ट्यांमध्ये ती चार स्क्रूंवर लटकत असते, पहारीने एक हिसका दिला की पट्ट्यांसकट हातात येते, आणि मग घरी नेऊन आरामात उघडायची. अशा घरात जमिनीला बोल्ट केलेली जड तिजोरीच घ्यावी, भिंतीतल्या तिजोरीचा हट्ट सोडावा.

अजून दोन गोष्टी भिंतीच्या. एक, ती भिंत वरचा भार घेणारी असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय फोडू नका, कॉलम-बीमला तर हातच लावू नका. आणि फोडायच्या आधी आतून वायर, पाइप कुठून गेलेत ते बघा, ज्या भिंतीवर वर स्विचबोर्ड आहे त्याच्या सरळ खाली फोडायला निघालेली माणसं मी बघितलीयेत (एक आमच्याच घरात राहतो). दोन, बाहेरची भिंत आणि बाथरूमची भिंत टाळा. ओल येते. कागद पिवळे पडतात, चांदी काळी पडते, आणि लॉकच्या सर्किटला गंज चढला की तुमची तिजोरी सगळ्यात सुरक्षित होते, तुम्हालाही उघडत नाही.

आता तिजोरीकडे येऊ. इथे मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे वजनाचा हिशोब, आणि हे कोणी का सांगत नाही मला कळत नाही. पोलाद सगळीकडे साधारण सारखंच जड असतं, एक चौरस मीटरचा एक एमएम जाडीचा पत्रा म्हणजे ७.८५ किलो, तुम्ही सरळ ८ धरा. आता आमच्या पहिल्या तिजोरीचं माप होतं ३५ सेंटीमीटर रुंद, २५ उंच, २० खोल. दार ५ एमएम आणि बाकीचं अंग ३ एमएम असा दावा. हिशोब करा, दार ०.०८७५ चौरस मीटर, ५ एमएम, म्हणजे जवळपास साडेतीन किलो. बाकीच्या पाच बाजू मिळून ०.३२७५ चौरस मीटर, ३ एमएम, म्हणजे पावणेआठ किलोच्या आसपास. एकूण अकरा किलोच्या वर, आणि यात लॉक, बोल्ट, आतला कप्पा धरलेलाच नाही. आणि खोक्यावर, त्याच खोक्यावर, दुसऱ्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, वजन साडेसहा किलो. लॉक वगैरेचा एक किलो सोडला तर उरलेल्या पोलादाची सरासरी जाडी येते १.७ एमएम. दार थोडं जाड असेल तर अंग त्याहून पातळ. म्हणजे खोक्याची एक बाजू दुसऱ्या बाजूला खोटं पाडत होती आणि मी दोन्ही बाजू वाचून घरी आणली होती.

तेव्हापासून मी कुठल्याही तिजोरीचं आधी माप बघते, मग वजन, मग भागाकार, आणि त्यानंतरच विकणाऱ्याचं ऐकते. जाडीत फसवायला खूप जागा असते. "दार ५० एमएम" असं लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं, पण ते सगळं मिळून, म्हणजे बाहेर ३ एमएमचा पत्रा, मधे पोकळी नाहीतर प्लास्टरचा बोर्ड, आत अजून एक पातळ पत्रा. बडा घर पोकळ वासा. गेजचाही घोळ आहे, गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, १२ गेज म्हणजे साधारण २.६ एमएम आणि १६ गेज म्हणजे दीडच्या आसपास, आणि लोक १६ ऐकून खूश होतात कारण १६ हा १२ पेक्षा मोठा आकडा आहे. मीही झाले होते.

वजनाच्या हिशोबाला एक अपवाद, आगीपासून वाचवणाऱ्या तिजोऱ्या. त्या जड असतात पण ते वजन पोलादाचं नसतं, भरणीचं असतं. त्याबद्दल खाली.

बोल्टवर मी फार वेळ घालवणार नाही कारण विकणारे नेमका त्यावरच घालवतात. बोटाएवढे जाड चकचकीत बोल्ट बघून माणूस भुलतो. पण बोल्ट कधी तुटत नाही, त्याच्यामागची पट्टी वाकते किंवा चौकट वाकते. बोल्ट ज्या चौकटीत शिरतात ती चौकट दीड एमएमच्या पत्र्याची असेल तर बोल्ट तोफेच्या नळीएवढा असून काय उपयोग. त्यापेक्षा दार बंद करून फट बघा. दार चौकटीच्या पातळीत किंवा थोडं आत बसलेलं पाहिजे, आणि फटीत जाड पुठ्ठासुद्धा जायला नको. भिंतीतल्या तिजोरीवर समोरूनच हल्ला होणार, आणि समोरून म्हणजे पहार फटीत घालूनच, त्यामुळे ही फट हीच खरी लढाईची जागा. बिजागरी बाहेर दिसतेय म्हणून घाबरू नका, बिजागरी कापली तरी दार निघू नये म्हणून त्या बाजूला आत एक पक्की पट्टी किंवा न हलणारे बोल्ट असतात, ते आहेत का तेवढं दार उघडून बघा. नसतील तर परत ठेवा. दार उघडल्यावर ते बिजागरीवर थोडं उचलून हलवूनही बघा, खडखड करत असेल तर दोन वर्षांनी ते चौकटीला घासणार.

आणि दार उघडं असतानाच आतल्या बाजूचं झाकण बघा. बऱ्याच तिजोऱ्यांत कोड बदलायचं एक लाल बटन तिथे असतं, दाराच्या आत, कडेला. ठीक आहे, आतूनच दाबायचं असतं. पण ते एखाद्या भोकाच्या सरळ समोर असेल, मग ते भोक समोरच्या चावीचं असो नाहीतर मागे अँकर बोल्टसाठी ठेवलेलं, तर बाहेरून तारेने तिथपर्यंत पोचता येतं. असं डिझाइन करणारा माणूस रात्री कसा झोपतो मला माहीत नाही.

कीपॅडच्या बाबतीत एक मजेशीर हिशोब. चार आकडी कोड म्हणजे दहा हजार शक्यता. चांगल्या लॉकमध्ये चार वेळा चुकलं की पाच मिनिटं कीपॅड बंद पडतो. म्हणजे सगळ्या शक्यता संपवायला अखंड बसलं तर पावणेनऊ दिवस लागतील. सहा आकडी कोडला हाच वेळ सव्वादोन वर्षांच्या वर जातो. दोन आकडे वाढवले की एवढा फरक, आणि त्याला काहीही खर्च नाही. उलट, चुकल्यावर बंद न पडणारा कीपॅड असेल तर घेऊच नका. पण हा सगळा हिशोब बोटांच्या डागांपुढे कोसळतो. कीपॅडवर चारच बटणं मळलेली असतील तर त्या चार आकड्यांच्या रचना होतात फक्त २४. चोवीस! चहा ओतेपर्यंत संपतील. आमच्या सासऱ्यांनी यावर उपाय काढलाय, ते आठवड्यातून एकदा सगळी बटणं पुसतात, आधी मला हसू यायचं.

आणि कंपनीतून आलेला कोड बदला. दोन्ही बदला, रोजचा आणि मास्टर, कारण काही लॉकमध्ये मास्टर कोड वेगळा असतो आणि तो सगळ्या तिजोऱ्यांना एकच छापून आलेला असतो. हा आजचा रोग नाही. दुसऱ्या महायुद्धात लॉस अलामॉसला जिथे अणुबॉम्बवर काम चाललं होतं तिथे रिचर्ड फाइनमन हे भौतिकशास्त्रज्ञ फावल्या वेळात सहकाऱ्यांच्या तिजोऱ्या उघडून ठेवायचे, आणि पुढे त्यांना आढळलं की पाचातली एक तरी तिजोरी कारखान्यातून आलेल्या नंबरवरच ठेवलेली असते. शिवाय त्या तिजोऱ्यांच्या गोल फिरवायच्या डायलवर शंभर आकडे असले तरी दोन इकडे दोन तिकडे चालून जातं, म्हणजे खरे आकडे वीसच, आणि तीन आकड्यांच्या कोडच्या दहा लाख शक्यतांपैकी प्रत्यक्षात उरतात आठ हजार, हेही त्यांनीच शोधून काढलं होतं. अणुबॉम्बची कागदपत्रं होती त्यात. आपण तर एफडीच्या पावत्या ठेवतो.

कोड तुमच्याशिवाय अजून कोणाकडे आहे हाही प्रश्न विचारण्यासारखा. २०२३ मध्ये अमेरिकेत लिबर्टी सेफ या कंपनीने वॉरंट दाखवल्यावर एफबीआयला एका ग्राहकाच्या तिजोरीचा कोड दिला, आणि त्यावर ग्राहक असे खवळले की कंपनीला आपल्या नोंदीतून कोड काढून टाकायची सोय द्यावी लागली. कायद्याने ते बरोबर की चूक हा माझा विषय नाही, पण कंपनीकडे असा कोड असतो हेच कितीतरी जणांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. खरेदी करतानाच विचारा.

इमर्जन्सी चावीचं लॉक हा अजून एक मागचा दरवाजा. कंपनीच्या नावाच्या पट्टीखाली किंवा सेलच्या झाकणाखाली लपवलेलं असतं, आणि लपवलेलं असतं म्हणून कोणी त्याच्याकडे बघत नाही. ते साधं नळीसारखं गोल चावीचं किंवा पातळ चपट्या चावीचं असेल, सायकलच्या कुलपाच्या दर्जाचं, तर समोरचं डिजिटल लॉक कितीही भारी असून फायदा नाही, चोर सोपं कुलूप निवडणार. दोन्ही बाजूंनी दाते असलेली लांब चावी, जी लिव्हरच्या कुलपाची असते, ती त्यातल्या त्यात बरी. माझ्या दुसऱ्या तिजोरीला चावीच नाही. सेल बाहेरून बदलता येतात, त्यामुळे सेल संपल्याने अडकायची भीती गेली, हे मुद्दाम बघून घेतलं, का ते तुम्हाला माहीत आहे. सेल अल्कलाइन टाका आणि वर्षातून एकदा बदला, संपायची वाट बघू नका, गळले तर कीपॅड खातात.

बोटाच्या ठशावर उघडणाऱ्या तिजोरीबद्दल खूप जणांनी सुचवलं. घरगुती दर्जाच्या सेन्सरवर माझा विश्वास नाही, ओलं बोट, कोरडं बोट, कापलेलं बोट, सगळ्याला नखरे, आणि मग कंटाळून माणूस सेन्सरचा काटेकोरपणा इतका कमी करतो की सगळ्यांच्याच बोटाने उघडते. असो. माझं मत आहे.

आता सर्टिफिकेट. खोक्यावर "हाय सिक्युरिटी" लिहायला कोणाची परवानगी लागत नाही, त्यामुळे त्या शब्दाला शून्य किंमत. शोधायची ती कुठल्या मानकाखाली चाचणी झाली त्याची पाटी, आणि ती बहुतेक दाराच्या आतल्या बाजूला असते. युरोपच्या मानकात ईएन १४४५० खाली एस१ आणि एस२ असे दोन हलके दर्जे आहेत, आणि त्याच्या वर ईएन ११४३-१ खाली ग्रेड ० पासून XIII पर्यंत. शून्य हा आकडा ऐकून नाक मुरडू नका, ग्रेड शून्य हीसुद्धा घरातल्या नेहमीच्या डब्यांच्या कितीतरी वर असते. अमेरिकेच्या यूएल या चाचणी संस्थेच्या मानकात घरगुती तिजोरीचा जो प्राथमिक दर्जा आहे, आरएससी, त्यात एका माणसाने साध्या हत्यारांनी पाच मिनिटं झुंजून ती उघडता कामा नये. टीएल-१५ म्हणजे जास्त कडक हत्यारांनी पंधरा मिनिटं. यातली मिनिटं म्हणजे हत्यार प्रत्यक्ष तिजोरीला लागलेलं असतानाची मिनिटं, घाम पुसायला थांबले की घड्याळ थांबतं, त्यामुळे पाच मिनिटं ऐकायला कमी वाटतात तेवढी कमी नाहीत. पण हेही लक्षात घ्या की कुठलंही सर्टिफिकेट "उघडणार नाही" असं म्हणत नाही, सगळी म्हणतात "इतका वेळ लागेल". आणि भिंतीतल्या तिजोरीला बसवायची पद्धत सूचनापुस्तकात दिलेली असते, तितकं काँक्रीट घातलं नाही तर त्या पाटीचा आणि तुमच्या भिंतीचा काही संबंध राहत नाही. विमा असेल तर विमावाल्यांना आधी विचारा त्यांना कुठला दर्जा चालतो, नंतर विचारून फक्त मनस्ताप होतो.

आग. इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो, माझाही होता, की पोलादाची आहे म्हणजे आगीत टिकेल. पोलाद उष्णता आत नेतं, उलट भट्टी होते. आगीची तिजोरी वेगळीच असते, तिच्या पत्र्यांच्या मधे जिप्समसारखी भरण असते, आणि जिप्समच्या वजनाचा जवळजवळ पाचवा भाग पाणी असतं, स्फटिकात अडकलेलं. आग लागली की ते पाणी वाफ होऊन निघतं आणि तेवढा वेळ आतलं तापमान वर चढू देत नाही. कागदासाठी १७७ अंश सेल्सिअस ही मर्यादा धरतात, त्याच्यावर कागद करपायला लागतो. हार्ड डिस्क आणि पेन ड्राइव्हला मात्र ५२ अंशांची मर्यादा असते, म्हणजे कागदाची तिजोरी त्यांच्या कामाची नाही. अशी भरण जाड लागते आणि भिंतीतल्या तिजोरीला जाडी परवडत नाही, म्हणून भिंतीतल्या बहुतेक तिजोऱ्यांना आगीचा दर्जा नसतोच. आणि उलट बाजूने, नुसत्या आगीच्या स्वस्त तिजोऱ्या चोरापुढे अगदीच दुबळ्या असतात, पातळ पत्रा आणि आत प्लास्टर. शिवाय ती भरण ओलावा धरते, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या नाहीत तर कागद दमट लागतात. आम्ही शेवटी कागदांच्या प्रती दुसरीकडे ठेवल्या आणि आगीचा विचार तिजोरीतून काढून टाकला.

जागेबद्दल एकच सांगते, फोटोफ्रेमच्या मागे नको. चोर आधी तीच उचलतो. आणि कामाला येणाऱ्या किती जणांना ती बसवताना दिसली हेही मोजा, आमच्याकडे मी मिस्त्रीला एकट्यालाच बोलावलं आणि राडारोडा आम्हीच दोन रात्री पोत्यात भरून खाली नेला, कंबर अजून बोलतेय.

दुसरी तिजोरी, जी आता भिंतीत आहे, ती आधीच्या जवळपास त्याच मापाची, पण दोघांनी उचलून आणावी लागली. नऊ इंचाची आतली भिंत, मागे दुसऱ्या खोलीतलं भरलेलं पुस्तकांचं कपाट. मोटरचं लॉक, सहा आकडी कोड. बसवताना दार उघडं ठेवूनच काँक्रीट भरलं, दर थोड्या वेळाने दार बंद करून बघत, कारण बाजूने माल ठासला की चौकट दाबली जाते आणि दार अडकायला लागतं, हे मिस्त्रीने आधीच सांगितलं होतं. पातळीसुद्धा त्याने तीनदा लावली. आठवडाभर दार उघडंच ठेवलं, आतली ओल जाईपर्यंत, आणि मगच सामान आत गेलं.

फक्त एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही, माझ्या नाही, त्याच्याही नाही. तिजोरीचं दार पूर्ण उघडतच नाही. कपाटाच्या दाराच्या आतल्या कडीला अडतं, साधारण ऐंशी अंशांवर, त्यामुळे आतला कप्पा बाहेर ओढता येत नाही आणि मागच्या डब्या काढायला हात तिरका घालून चाचपडावं लागतं. पुढच्या महिन्यात सुतार येणारे, कडी सरकवायला. त्याला तिजोरी दिसू न देता ती कशी सरकवून घ्यायची यावर सध्या घरात चर्चा चालू आहे.